एअर रायफलचे पेलेट (छोटे छर्रे) घरी तोलायला काटा घ्यायचाय, नेमका कुठला घेऊ?

लालबागची_आई:

नमस्कार मंडळी. माझी मुलगी १४ वर्षांची आहे, दोन वर्षं झाली १० मीटर एअर रायफल करतेय, वरळीच्या रेंजला आठवड्यातून चार दिवस जातो आम्ही दोघी. २०२४ ला स्वप्निल कुसाळेने पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ घेतलं त्या दिवसापासून घरात दुसरा विषयच नाही. स्कोअर आता ६१० ते ६१८ मध्ये अडकलाय, ६५४ पैकी. सर म्हणतात टेक्निक बरं आहे, धीर धरा. पण रेंजवर एका सीनियर दादाने सांगितलं की आम्ही मॅचच्या आधी पेलेट तोलून वेगळे करतो, तेव्हापासून पोरीच्या डोक्यात तेच.

म्हणून ऑनलाइन एक खिशात मावणारा काटा मागवला, ०.०१ ग्रॅमवाला. सगळे पेलेट ०.५३ दाखवतो, मधूनच एखादा ०.५४, आणि तोच पेलेट उचलून परत ठेवला की ०.५२. मग नक्की कुठलं खरं धरायचं? यूट्यूबवर बघितलं तर परदेशातले रायफलवाले घरीच काडतुसं भरतात, त्यांच्याकडे छान काटे असतात, ग्रेनमध्ये वजन दाखवणारे, तसा एक साडेतीन हजाराला मिळतोय. मिस्टर म्हणतात झवेरी बाजारातून जुना सोनाराचा काटा घेऊ. आणि एकाने सांगितलं की लॅबचा चार डेसिमलवालाच घ्या नाहीतर घेऊच नका, तो तर आमच्या आवाक्याबाहेर. बजेट आठ ते दहा हजार, त्याच्या वर नाही जमणार कारण शूटिंगच्या जॅकेटचे हप्ते चालू आहेत.

घर चाळीत, तिसरा मजला, पंखा चोवीस तास, खालून बस गेली की कपाटाची काच वाजते. हे सगळं धरून सांगा प्लीज.

काटेकोर:

ताई, मी काळबादेवीला वजनकाटे रिपेअर करतो, २२ वर्षं झाली, त्यामुळे जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या.

आधी तो ग्रेनवाला काटा डोक्यातून काढा. एक ग्रेन म्हणजे ६४.८ मिलीग्रॅम. काडतूसवाल्यांचे बरेचसे काटे ०.१ ग्रेनपर्यंत दाखवतात, म्हणजे एका पायरीला साडेसहा मिलीग्रॅम. त्यांना पावडर तोलायला तेवढं पुरतं. तुमचा रायफलचा मॅच पेलेट असतो साधारण ८.२ ग्रेनचा, ०.५३ ग्रॅम, तर त्या काट्यावर अख्खा डबा ८.२ आणि ८.२ च दाखवेल, फार तर कधी ८.१. तुम्हाला जो फरक पकडायचाय तो त्या एका पायरीच्या आत लपतो. आत्ताच्या ०.०१ वाल्याचंही तेच दुखणं आहे, त्याची एक पायरी १० मिलीग्रॅमची.

तुम्हाला हवा तीन डेसिमलचा, ०.००१ ग्रॅमवाला. चार डेसिमलची गरज नाही, उलट चाळीत तो तुम्हाला रडवेल, पंख्याने नाही तर तुमच्या श्वासाने आकडा पळेल. पण ताई, डिस्प्लेवर तीन आकडे दिसतात म्हणून काटा तेवढा खरा असतो असं नाही. सोनाराच्या काट्याच्या पाटीवर दोन गोष्टी छापलेल्या असतात, d आणि e. d म्हणजे डिस्प्लेची पायरी, e म्हणजे सरकारी पडताळणी ज्या पायरीवर होते ती. बऱ्याच सोनारी काट्यांवर d १ मिलीग्रॅम आणि e १० मिलीग्रॅम असतो. क्लास टू (अचूकतेचा सरकारी वर्ग) मधल्या अशा काट्याला हलक्या वजनांवर ५ मिलीग्रॅमपर्यंतची चूक नियमात बसते, शिक्का मारतानासुद्धा. म्हणजे वैधमापनचा शिक्का आहे म्हणून तिसरा डेसिमल खरा, असं कुणी दुकानदार सांगत असेल तर हसून सोडून द्या. शिक्का व्यापाराला लागतो, घरी पेलेट तोलायला लागत नाही.

मात्र तुमच्या कामाला खरं वजन कळायची गरजच नाही. काटा सगळ्यांना ३ मिलीग्रॅम जास्त दाखवत असेल तरी दाखवू दे, दर वेळी तेवढंच जास्त दाखवतोय ना, बास. काट्याने एकच गोष्ट दोनदा तोलली तर दोनदा एकच आकडा सांगितला पाहिजे, बाकी सगळं त्याच्या नंतर. म्हणून दुकानात जाताना चार पेलेट खिशात न्या. काटा चालू करून वीस मिनिटं तसाच ठेवायला सांगा, दुकानदार कुरकुर करेल, करू दे. मग एकच पेलेट दहा वेळा ठेवा आणि उचला, दर वेळी आकडा कागदावर लिहा, आणि प्रत्येक वेळी रिकामं पारडं शून्यावर येतंय का ते बघा. सगळ्यात मोठा आणि सगळ्यात छोटा आकडा यात २ मिलीग्रॅमपेक्षा जास्त अंतर पडलं तर दुसरा काटा दाखवा म्हणा. मग तोच पेलेट पारड्याच्या चार बाजूंना सरकवून बघा, मग २० ग्रॅमचं वजन घेऊन तसंच चार बाजूंना. जुन्या काट्यात इथेच पितळ उघडं पडतं, कुणीतरी कधीतरी त्यावर किलोची वस्तू आपटलेली असते आणि आतला लोड सेल (वजन जोखणारा भाग) वाकलेला असतो, वरून बघून काही कळत नाही. जुना घ्यायला माझी ना नाही, पण ही परीक्षा केल्याशिवाय पैसे देऊ नका.

क्षमता कमी तेवढी बरी. ५० किंवा १०० ग्रॅमचा मिळाला तर सोनं, ३०० चा पण चालेल. ६०० च्या वर जाऊ नका.

सोबत एक कॅलिब्रेशनचं वजन घ्या, २० किंवा ५० ग्रॅम, जे तुमच्या काट्याच्या कॅलिब्रेशनला लागतं ते. M1 ग्रेडचं (वजनाच्या अचूकतेचा दर्जा) पुरे, २० ग्रॅमच्या M1 मध्ये चूक २.५ मिलीग्रॅमपर्यंत असू शकते पण अर्ध्या ग्रॅमच्या पेलेटवर येईपर्यंत ती नगण्य होते. रुपयाच्या नाण्याने कॅलिब्रेशन करू नका, व्हिडिओत दाखवतात लोक. २०११ च्या सिरीजचा रुपया ३.७९ ग्रॅमचा आणि २०१९ चा ३.०९ चा, वर झीज वेगळी. आणि कॅलिब्रेशन घरीच करा, जिथे काटा कायम राहणार तिथे. गुरुत्वाकर्षण जागेप्रमाणे बदलतं, मुंबईत ते जर्मनीपेक्षा साधारण पाव टक्का कमी आहे, तिकडे सेट केलेला काटा इथे तसाच वापरला तर तुमच्या पेलेटवरच सव्वा मिलीग्रॅम कमी दाखवेल.

आणखी एक, काटा आपोआप शून्य धरतो ती खोड. अगदी बारीक बारीक करत काही टाकत गेलं तर काटा ते गिळतो, त्याला वाटतं शून्यच सरकलंय. पावडर चिमटीने सोडणाऱ्यांना हा त्रास फार होतो. तुम्ही पेलेट एकदम ठेवणार, तुम्हाला कमी होईल, पण मधेमधे पारडं रिकामं करून बघत जा.

गिरगाव_२२:

काका मस्त माहिती. माझा भाऊ .२२ करतो, क्लबमधून मिळणारी काडतुसं महाग पडतात. हाच काटा घेऊन परदेशातल्यांसारखी पावडर तोलून घरी भरता येतील का?

जुना_नेमबाज:

गिरगावकर, नाही. हे ठाम सांगतो कारण कुणीतरी वाचून करायला जाईल. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यात परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे, त्यात घरी एक बनवलं की शंभर असा फरक नाही. भावाचं शूटिंग, क्लबची मेंबरशिप, पुढे मिळणारा परवाना, सगळं एका हौसेपायी जाईल. आणि .२२ चं काडतूस रिमफायर असतं, पेटवणारा मसाला त्याच्या कडेच्या गोलात भरलेला असतो आणि फायर झालं की ती कड चेपून निघते, ते परत भरायला बनवलेलंच नाही. परदेशात लोक घरी भरतात ती सेंटरफायर काडतुसं, त्यांचा प्राइमर मधोमध असतो आणि बदलता येतो. त्यांच्याकडे काट्याचं एवढं महत्त्व का, तर पावडर जास्त पडली की प्रेशर वाढतं आणि चेहऱ्यापासून हाताच्या अंतरावर रायफल फुटू शकते. तिथे काटा खोटं बोलला तर जीवावर बेततं. आपल्या एअर रायफलच्या पेलेटमध्ये ती भानगड नाही, काटा चुकला तर फार तर एक पेलेट चुकीच्या डबीत जाईल.

भावाला सांग, वेगवेगळ्या लॉटची (लॉट म्हणजे एका खेपेत बनलेला माल) थोडी थोडी घेऊन कुठला लॉट त्याच्या बॅरलला मानवतो ते बघ. पैसे तिथे वाचतील.

फिजिक्स_दादर:

मी ज्युनियर कॉलेजला शिकवतो, शूटिंग स्वतः करत नाही, भाची करते. ताईंचा प्रश्न वाचून काल रात्री गणित मांडलं, कारण मला मुळात हेच कळत नव्हतं की मिलीग्रॅमने नक्की बिघडतं किती.

पेलेटचा वेग १७० ते १७५ मीटर प्रति सेकंद धरला तर १० मीटर जायला त्याला ०.०५८ सेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात तो सोळा ते सतरा मिलीमीटर खाली पडतो. रायफल हे धरूनच साइट केलेली असते, ते सोडा. आता रायफलने प्रत्येक पेलेटला तेवढीच ऊर्जा दिली असं समजू. पेलेट १ टक्का जड असला, म्हणजे ५ मिलीग्रॅमने, तर वेग अर्धा टक्का कमी होतो, वेळ अर्धा टक्का वाढतो, आणि पडणं वेळेच्या वर्गाने वाढतं म्हणून साधारण १ टक्का जास्त. सतरा मिलीमीटरचा एक टक्का म्हणजे ०.१७ मिलीमीटर. टार्गेटवर १० च्या रिंगचा व्यास ०.५ मिलीमीटर, ९ च्या रिंगचा ५.५, म्हणजे एका पॉइंटला त्रिज्येत अडीच मिलीमीटर आणि ०.१ पॉइंटला पाव मिलीमीटर. म्हणजे ५ मिलीग्रॅमचा फरक झाला तरी एक दशांशसुद्धा पूर्ण जात नाही. १ मिलीग्रॅमचा फरक तर ०.०३ मिलीमीटर, तो मोजायलाही कुणी जाणार नाही.

म्हणून काटेकोर काका म्हणतात ते बरोबर, चार डेसिमलला इथे काही अर्थच नाही. पण ताई, मला खरंच वाटतं की एक एक मिलीग्रॅमच्या डब्या करण्यात पोरीच्या संध्याकाळी घालवू नका. तोलण्याचा फायदा आहे तो डब्यातले वेगळेच पेलेट शोधायला, जे बाकीच्यांपेक्षा दहा-पंधरा मिलीग्रॅमने वेगळे आहेत. त्यात काहीतरी बिघाड असतो, आत पोकळी राहिलेली किंवा कड तुटलेली. असा एक पेलेट मॅचमध्ये नेमका आला तर १०.४ चा ९.९ होऊ शकतो, आणि चौदा वर्षांची पोर समजते की चूक माझीच, मग पुढचे पाच शॉट त्या विचारात जातात. ते वाचवायला काटा घ्या, जरूर घ्या.

बीकेसी_हिरा:

लालबागची ताई, मी भारत डायमंड बोर्सला एका ऑफिसमध्ये असॉर्टिंगला आहे, दिवसभर काटा समोरच असतो. आमचे काटे कॅरेटवाले, एक कॅरेट २०० मिलीग्रॅम, तर ०.००१ कॅरेट म्हणजे ०.२ मिलीग्रॅम. तुमच्या कामाला ते जास्तच होतात आणि किंमत परवडायची नाही, पण आमच्याकडची एक गोष्ट उचला, काचेची पेटी. काट्यावर चारी बाजूंनी काच आणि वर झाकण असलंच पाहिजे. तुमच्या काट्याला नसली तर प्लास्टिकचा पारदर्शक डबा उलटा घाला, पुढून हात जाईल एवढं कापून. घरी मी बायकोच्या मसाल्याच्या काट्यावर करून बघितलं, फरक लगेच दिसतो.

टेबल नको. चाळीची जमीन मधोमध जास्त हलते, भिंतीच्या कोपऱ्यात कमी. कोपऱ्यात कडाप्पा किंवा जड लादीचा तुकडा ठेवा, खाली रबर, त्यावर काटा, मग काट्याच्या लेव्हलचा बबल मधोमध आणा. मोबाइल लांब, काट्याच्या शेजारी फोन वाजला की साध्या लोड सेलचा आकडा उडी मारतो हे मी स्वतः बघितलंय. पंखा बंद, एवढं करावंच लागेल. पहाटे किंवा रात्री अकरानंतर बसा.

आणि पेलेट चिमट्याने उचलू नका, आमचा हिऱ्याचा चिमटा तर नकोच. शिसं मऊ असतं, पेलेटची मागची घागऱ्यासारखी कड असते ती जराशी दबली तरी बॅरलमध्ये नीट बसणार नाही, मग तोलून मिळवलं ते उचलताना घालवलं. छोटी कागदाची घडी करा, त्यावरून घरंगळत पारड्यात सोडा आणि तसाच परत डबीत. दर वीस पेलेटनंतर एक ठरलेला पेलेट परत तोला, त्यावर मार्करने ठिपका करून ठेवा. त्याचा आकडा सरकला की काटा सरकलाय असं समजून शून्य करा आणि पुढे चला.

माझे आजोबा लालबागलाच होते, झवेरी बाजारात पेढीवर, गुंजा घालून तोलायचे. बारा मासे म्हणजे तोळा, आठ गुंजा म्हणजे मासा. तोळा १८० ग्रेनचा, त्या हिशोबाने तुमच्या लेकीचा पेलेट साडेचार गुंजांपेक्षा जरासा कमी भरतो. आजोबांना हे सांगता आलं असतं तर फार आवडलं असतं.

सायन_सिस्टर:

मी हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, काट्यातलं मला कळत नाही, पण वरच्या कुणी हे लिहिलं नाही म्हणून लिहिते. पेलेट शिशाचे असतात. पाचशे पेलेट तोलायचे म्हणजे दीड-दोन तास शिसं हातात, आणि लहान वयात ते शरीरात जाणं जास्त वाईट. तोलताना खाणं नाही, पाणी नाही, बोट तोंडात नाही. पातळ हातमोजे घालायला सांगा, नंतर साबणाने हात, आणि तो कागद, ती घडी कचऱ्यात. डब्याच्या तळाशी काळी भुकटी असते ती फुंकर मारून उडवू नका, ओल्या कापडाने पुसा. पावसाळ्यात पेलेटवर पांढरं येतं तेही शिशाचंच, असे पेलेट बाजूला काढा. आणि ताई, तो काटा स्वयंपाकघरात परत कधीच न्यायचा नाही, केकचं सामान तोलायलासुद्धा नाही. घरात रांगणारं बाळ असेल तर जमिनीवर बसून हे काम करू नका.

काटेकोर:

सिस्टर, हे सगळ्यात आधी यायला हवं होतं, मी लिहायला हवं होतं. दुकानात शिशाची वजनं हाताळणारी माणसं आमच्याकडेही आहेत, उद्यापासून हातमोजे आणतो.

लालबागची_आई:

सगळ्यांचे मनापासून आभार, शनिवारी मी आणि लेक दोघी जाऊन काटा आणला. जुना सोनाराचा नाही घेतला, तीन दुकानांत दहा-दहा वेळा ठेवून बघितलं काकांनी सांगितलं तसं. पहिल्या दुकानात ०.५२८ ते ०.५३५ असा नाचला, दुकानदार म्हणाला मॅडम एसी चालू आहे म्हणून, एसी बंद करून पण तसाच. तिसऱ्या दुकानातला १०० ग्रॅमवाला, काचेच्या झाकणाचा, त्याने दहापैकी सात वेळा ०.५३१, दोनदा ०.५३२ आणि एकदा ०.५३० दाखवलं. तोच घेतला, वजन धरून नऊ हजार दोनशे. दुकानदाराने एवढा वेळ आम्हाला सहन केलं त्याचे पण आभार.

घरी देवघराच्या बाजूच्या कोपऱ्यात लादीवर ठेवलाय. रविवारी सकाळी सहाला बसलो, बस कमी असतात तेव्हा. लेक हातमोजे घालून तोलते, मी वहीत लिहिते. पाचशेच्या डब्यात बहुतेक ०.५२७ ते ०.५३४ मध्ये आले. अकरा बाहेरचे निघाले, त्यातला एक तर ०.५१२, बघितलं तर कडेचा तुकडाच नाही, साध्या नजरेला दिसला नसता. फिजिक्स सर, तुम्ही म्हणालात तशा एक एक मिलीग्रॅमच्या डब्या नाही केल्या. बाहेरचे काढले, उरलेले सगळे एकत्र. तिला तुमचं सोळा मिलीमीटरचं गणित दाखवलं तर तिने वहीत स्वतः परत करून बघितलं आणि मला विचारलं की मग माझे ९.८ पेलेटमुळे नव्हते ना. मी म्हटलं बहुतेक नव्हते. रडेल असं वाटलं, पण म्हणाली बरं झालं, म्हणजे ते मला सुधारता येतील.

सरांना रेंजवर सांगितलं तर ते म्हणाले पुढच्या महिन्यात तिची रायफल क्लॅम्पला लावून तीन वेगवेगळे लॉट मारून बघू, ४.४९ आणि ४.५० हेड (पेलेटच्या डोक्याचा व्यास, मिलीमीटरमध्ये) दोन्ही. बीकेसी दादा, क्लॅम्पवर लॉट बघताना प्रत्येक लॉटचे किती शॉट मारायचे असतात, दहा पुरतात की जास्त? तुम्ही नाही तर जुने नेमबाज काका सांगा, कारण त्या दिवसासाठी तीन डबे आधी मागवून ठेवायला लागतील.

जुना_नेमबाज:

दहाचा एक ग्रुप (एकाच नेमावर मारलेले शॉट) बघून ठरवू नका, एखाद्या लॉटचं नशीब असतं. प्रत्येक लॉटचे दहा-दहाचे निदान तीन ग्रुप मारा, लॉट बदलला की आधी चार-पाच शॉट मोजू नका, बॅरलला नवीन पेलेटची सवय होऊ द्या. आणि त्या दिवशी न तोललेलेच पेलेट न्या, डब्यातून येतील तसे, नाहीतर लॉट कसा आहे ते कळणार नाही. ग्रुपचे कागद फेकू नका, मागे तारीख आणि लॉट नंबर लिहून ठेवा.

लालबागची_आई:

कागद ठेवते काका. मागवले डबे.